निवडक विस्मरणाचे गणित : गटांवरील आलेखांची प्रस्तावना

गट ही बीजगणितातली फार काटकसरी रचना आहे. एक संच, त्यातल्या कोणत्याही दोन घटकांपासून तिसरा घटक देणारी एक क्रिया, साहचर्याचा नियम, एक अविकारक घटक आणि प्रत्येक घटकाला व्यस्त असा एक घटक, एवढेच त्याचे भांडवल. त्यावर समभुज त्रिकोणाच्या सहा सममितींपासून रुबिकच्या ठोकळ्याच्या ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० अवस्थांपर्यंत सारे मावते. आलेख त्याहून साधा. इथे आलेख म्हणजे शाळेतल्या अक्षांवर काढलेली वक्ररेषा नव्हे. काही बिंदू आणि त्यांतल्या काही जोड्यांना जोडणाऱ्या रेघा, इतकेच त्यात असते. गटात कोणतेही दोन घटक एकत्र आले की उत्तर मिळते. आलेखात दोन बिंदूंबद्दल एकच प्रश्न विचारता येतो: ते जोडलेले आहेत की नाहीत? म्हणून गटापासून आलेख काढायचा तर गटातली बरीच माहिती टाकून द्यावी लागते, आणि नवख्या वाचकाला इथेच शंका येते. श्रीमंत रचना हाती असताना तिची गरीब आवृत्ती कशासाठी काढायची? या प्रस्तावनेचे उत्तर असे, की विषयाचे बळ त्या टाकून देण्यातच आहे. आलेख गटाची किती हुबेहूब नक्कल करतो यावर त्याचे मोल ठरत नाही. नेमके काय टाकले हे ठरवून घेतल्यावर उरलेल्यातून गटाबद्दल काय परत मिळवता येते, आणि कुठे ते मिळणे अशक्य होते, यावर ते ठरते.

सुरुवात आर्थर केली यांच्यापासून करावी लागते. १८५४ मध्ये त्यांनी अमूर्त गटाची कल्पना गुणाकाराच्या कोष्टकासह मांडली, आणि १८७८ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मधल्या एका टिपणात गट चित्राने कसा दाखवता येईल हे सुचवले. कृती सोपी आहे. गटाचा प्रत्येक घटक हा एक बिंदू. मग असे मोजके घटक निवडायचे, की ज्यांच्या वारंवार वापराने सारा गट तयार होतो. या घटकांना जनक म्हणू. एखाद्या बिंदूवरून एक जनक लावल्यावर जिथे पोहोचतो तिथपर्यंत त्या जनकाच्या रंगाचा बाण काढायचा. त्रिकोणाच्या सहा सममिती घ्या आणि जनक म्हणून १२० अंशांचे एक परिभ्रमण आणि एक परावर्तन निवडा. दोन त्रिकोण मिळतात आणि त्यांचे समोरासमोरचे बिंदू तीन रेघांनी जोडलेले असतात. आकार त्रिकोणी लोलकाचा. आता अगदी वेगळा गट घ्या: ६ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्या आणि त्यांची बेरीज. जनक म्हणून २ आणि ३ निवडले तर पुन्हा तोच लोलक. पहिल्या गटात क्रम बदलला की उत्तर बदलते, दुसरा पूर्णपणे क्रमनिरपेक्ष आहे, आणि तरीही रंग व बाण पुसले की दोन्ही चित्रे एकच. फरक दडला आहे तो बाणांच्या दिशेत: बाक्यांच्या गटात दोन्ही त्रिकोण एकाच दिशेने फिरतात, सममितींच्या गटात ते एकमेकांच्या उलट फिरतात. क्रमनिरपेक्षतेसारखा मूलभूत गुण दोन त्रिकोणांच्या फिरण्याच्या दिशेत सामावला आहे, हे कोष्टक वाचताना कुणाच्या सहज ध्यानात येत नाही. काही पुसले गेले तेव्हाच ते दिसले.

केलीच्या चित्रावर पहिला आक्षेप रास्त आहे: ते गटाचे चित्र आहे की जनकांच्या निवडीचे? रुबिकच्या ठोकळ्याचेच पाहा. कोणत्याही अवस्थेतून तो सोडवायला कमाल किती चाली लागतात, हा प्रश्न म्हणजे त्या गटाच्या आलेखाचा व्यास, अर्थात सर्वांत दूरच्या दोन बिंदूंमधले अंतर. एका बाजूचे कोणतेही वळण एक चाल मानले तर उत्तर २० आहे. ते २०१० मध्ये संगणकाच्या प्रचंड मदतीने सिद्ध झाले. पण फक्त पाव वळण एक चाल मानले आणि अर्धे वळण दोन चाली, तर उत्तर २६ होते. गट तोच, आकडे दोन. मात्र आक्षेपाची धार इथेच संपते, कारण निवड बदलली तरी न बदलणारे गुणही आहेत आणि आलेखाचा खरा अभ्यास त्यांचाच आहे. अनंत गटात जनकांचे दोन सांत संच घेतले तर एका संचाने मोजलेले अंतर दुसऱ्याने मोजलेल्या अंतराच्या ठरावीक पटीच्या आतच राहते. त्यामुळे दुरून पाहिल्यावर दिसणारा आकार कायम राहतो. चौकटींच्या कागदावरील छेदबिंदूंच्या गटात आरंभबिंदूपासून र इतक्या पावलांच्या आत २र² + २र + १ बिंदू येतात. दोन जनकांच्या मुक्त गटात, जिथे कोणतेही दोन मार्ग पुन्हा एकत्र येत नाहीत, तिथे ही संख्या दर पावलागणिक जवळजवळ तिप्पट होते. वाढीचा हा प्रकार गटाचा स्वतःचा गुण आहे, जनकांचा नव्हे. मिखाईल ग्रोमोव्ह यांनी १९८१ मध्ये दाखवले, की जिथे ही वाढ बहुपदीच्या वेगाने होते तिथे गटात सांत निर्देशांकाचा एक निल्पोटंट उपगट, म्हणजे क्रमनिरपेक्ष गटांचा जवळचा नातलग, असतोच. जॉन मिल्नर यांनी १९६८ मध्ये विचारले होते, की बहुपदी आणि घातांकी यांच्यामधली वाढ संभवते का. रोस्तिस्लाव ग्रिगोर्चुक यांनी १९८०च्या दशकात तसे गट दाखवून दिले. केवळ बिंदू मोजून बीजगणिताची रचना हाती लागते, ही कोष्टकाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

उलट दिशेचा व्यवहारही झाला आहे. मोजक्याच रेघा असूनही कुठेही अरुंद मान नसलेला, म्हणजे काही रेघा तोडून सहज दोन मोठे तुकडे न पडणारा आलेख संगणकजालांना आणि संकेतशास्त्राला हवा असतो. असे आलेख असतात हे संभाव्यतेने दाखवता येते, पण प्रत्यक्ष बांधून दाखवणे अवघड. अलेक्झांडर लुबोत्स्की, राल्फ फिलिप्स आणि पीटर सारनाक यांनी १९८८ मध्ये सांत क्षेत्रांवरील सारण्यांच्या गटांपासून केलीच्या पद्धतीने असे आलेख बांधले. ग्रिगोरी मार्गुलिस यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे ते काम केले. हे आलेख आपल्या प्रकारात जवळजवळ गाठता येईल तितके घट्ट असतात, आणि त्याची सिद्धता श्रीनिवास रामानुजन यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या अनुमानाशी निगडित संख्या-सिद्धांतातून येते. म्हणून त्यांना रामानुजन आलेख म्हणतात. गटाने आलेखाला दिलेली ही देणगी खरी आहे. पण प्रस्तुत युक्तिवादासाठी महत्त्वाची आहे ती आलेखाने गटाला दिलेली देणगी, आणि तिच्यासाठी दुसऱ्या घराण्याकडे वळावे लागते.

या दुसऱ्या घराण्यात जनक निवडायचेच नाहीत. बिंदू गटाचे घटकच, पण रेघ कधी ओढायची हे गटातला एखादा नैसर्गिक संबंध ठरवतो. सर्वांत जुना संबंध क्रमनिरपेक्षतेचा: अ आणि ब यांचा गुणाकार क्रम बदलूनही तोच येत असेल तर त्यांच्यात रेघ. रिचर्ड ब्राउअर आणि के. ए. फाउलर यांनी १९५५ मध्ये सम संख्येइतके घटक असलेल्या सांत गटांचा अभ्यास करताना अविकारक वगळून उरलेल्या घटकांमध्ये याच अर्थाचे अंतर मोजले. त्यांच्या युक्तीचा गाभा इथे देण्याजोगा आहे. अ आणि ब हे दोघेही असे घटक समजा, की ज्यांचा वर्ग अविकारक होतो, म्हणजे ज्यांची कोटी २ आहे. आणि ते एकमेकांचे संयुग्मी नाहीत. त्यांचा गुणाकार क घ्या. क ची कोटी विषम असती तर अ आणि ब संयुग्मी ठरले असते. म्हणून ती सम आहे, आणि क चा एखादा घात य असा मिळतो, की ज्याची कोटी २ आहे. क च्या दोन्ही बाजूंना अ लावला की क चा व्यस्त मिळतो. य चा व्यस्त मात्र य च. म्हणून य हा अ शी आणि तसाच ब शीही क्रमनिरपेक्ष आहे, आणि अ ते ब अंतर फार तर २. कोटी २ च्या घटकांचे एकाहून अधिक संयुग्मी वर्ग असले, तर अशा कोणत्याही दोन घटकांमधले अंतर ३ च्या पुढे जात नाही. एवढ्या लहान अंतरात सारे सामावत असेल तर शेजार किती मोठा आहे यावरून गटाचा आकार बांधला जातो. त्यातूनच त्यांचा प्रसिद्ध निष्कर्ष आला: कोटी २ च्या घटकाशी क्रमनिरपेक्ष असलेल्या घटकांचा उपगट दिला, तर तो ज्यांत याच भूमिकेत असू शकतो असे सांत सरल गट, म्हणजे लहान गटांत न फोडता येणारे गट, संख्येने सांतच असतात. सांत सरल गटांच्या वर्गीकरणाचा जो प्रकल्प पुढे अनेक दशके चालला, त्याच्या पायाभूत कल्पनांत ही एक आहे. तिच्यात अंतर ही शोभेची भाषा नव्हती, तर्काचा एक सांधा होता.

दुसरा पुरावा पॉल एर्डोश यांच्या एका प्रश्नाचा. आता रेघ उलट ओढा: जे दोन घटक क्रमनिरपेक्ष नाहीत त्यांना जोडा. समजा एखाद्या अनंत गटाच्या या आलेखात परस्परांशी जोडलेल्या बिंदूंचा अनंत संच सापडत नाही. मग अशा सांत संचांच्या आकाराला काही कमाल मर्यादा असते का? सर्वसाधारण आलेखासाठी उत्तर नाही असे आहे. एक बिंदू, दोन जोडलेले बिंदू, तीन परस्परांशी जोडलेले, चार, असे तुकडे शेजारी मांडत गेले की अनंत संच मिळत नाही आणि मर्यादाही मिळत नाही. पण बी. एच. नॉयमन यांनी १९७६ मध्ये दाखवले, की गटापासून आलेल्या आलेखात मर्यादा असतेच, आणि ही अट बरोबर त्याच गटांना लागू होते ज्यांच्या केंद्राचा निर्देशांक सांत आहे, म्हणजे केंद्राच्या मोजक्याच सहसंचांनी ज्यांचा सारा गट व्यापला जातो. एक बाजू लगेच दिसते: केंद्राच्या एकाच सहसंचातले कोणतेही दोन घटक क्रमनिरपेक्ष असतात, म्हणून परस्परांशी जोडलेल्या संचात प्रत्येक सहसंचातून फार तर एक घटक येतो. अवघड बाजूत असा संच जास्तीत जास्त वाढवला जातो. त्यातल्या प्रत्येक घटकाशी क्रमनिरपेक्ष असलेल्यांचा उपगट घेतला की असे मोजके उपगट मिळून सारा गट झाकतात, आणि इथे नॉयमन यांचाच १९५४ चा सिद्धांत कामी येतो: अशा आच्छादनातले अनंत निर्देशांकाचे उपगट काढून टाकले तरी आच्छादन टिकते. प्रश्न आलेखाच्या भाषेतच सुचला, कारण त्यात ‘परस्परांशी जोडलेला संच’ ही कल्पना तयार होती. उत्तर मात्र गटाने दिले, आणि ते देताना गटापासून आलेले आलेख इतर आलेखांपेक्षा किती शिस्तीचे असतात हे उघड केले.

दुसरा आक्षेप म्हणजे आलेख गट ओळखू शकत नाही. हेही खरे आहे, आणि कधी खरे आहे ते नेमके सांगता येते, हाच त्याचा फायदा. घातांच्या आलेखात एक घटक दुसऱ्याचा घात असेल तर दोघांत रेघ ओढतात. या शतकाच्या सुरुवातीला केलारेव्ह आणि क्विन यांनी त्याचे बाणांसह रूप अभ्यासले; बाण नसलेले रूप कोलकात्यातील आयव्ही चक्रवर्ती, शमीक घोष आणि एम. के. सेन यांनी २००९ मध्ये मांडले आणि दाखवले, की सांत गटात सर्व बिंदू परस्परांशी जोडलेले असतील तर तो गट चक्रीय असून त्याच्या घटकांची संख्या एखाद्या मूळ संख्येचा घात (किंवा १) असते. आता २७ घटकांचे दोन गट घ्या, ज्यांत अविकारक सोडून प्रत्येकाची कोटी ३ आहे: एक क्रमनिरपेक्ष, दुसरा तीन घटकांच्या क्षेत्रावरील तीन बाय तीनच्या अशा सारण्यांचा, की ज्यांच्या कर्णावर १ आणि कर्णाखाली ० आहेत, तो क्रमनिरपेक्ष नाही. दोन्हींत उरलेले २६ घटक १३ जोड्यांत वाटले जातात आणि घातांचा आलेख म्हणजे अविकारक बिंदूत जुळलेले १३ त्रिकोण. दोन्ही चित्रे तंतोतंत सारखी. क्रमनिरपेक्षतेचा आलेख मात्र त्यांना लगेच वेगळे करतो. याच्या शेजारी पीटर कॅमेरॉन आणि शमीक घोष यांचा २०११ चा निष्कर्ष ठेवा: दोन सांत क्रमनिरपेक्ष गटांचे घातांचे आलेख सारखे असतील तर गटही सारखेच असतात. क्ष-किरणाच्या चित्रात कातडी दिसत नाही म्हणून कुणी ते टाकून देत नाही. हाड मोडले आहे का, एवढे कळायला तेच लागते. घातांचा आलेख घटकांच्या कोटींबद्दल जवळजवळ सारे सांगतो आणि ते एकमेकांशी कसे वागतात याबद्दल फारसे काही नाही. क्रमनिरपेक्ष गटात कोटींची माहितीच पुरेशी असते, इतर गटांत नसते, ही सीमारेषा आलेखाने ओढून दिली.

तिसरा आक्षेप जास्त कडवट: आलेखाच्या नावाने जुन्याच गोष्टी नव्या शब्दांत सांगितल्या जातात. याला उत्तर एका फसलेल्या अनुमानातून मिळते. केंद्राबाहेरच्या घटकांवर क्रमनिरपेक्षतेचा आलेख काढला आणि तो एकसंध असला, तर त्याच्या व्यासाला सर्व सांत गटांसाठी एकच मर्यादा असावी, असे इरानमनेश आणि जफरजादेह यांनी २००८ मध्ये सुचवले. २०१३ मध्ये मायकेल जिउडिची आणि ख्रिस पार्कर यांनी हवा तितका मोठा व्यास असलेले गट दाखवून ते खोडले, आणि विशेष म्हणजे त्या गटांच्या घटकसंख्या २ चे घात होत्या. त्याच वर्षी मॉर्गन आणि पार्कर यांनी सिद्ध केले, की केंद्रात अविकारकाशिवाय काहीच नसेल तर आलेखाच्या प्रत्येक एकसंध भागाचा व्यास १० च्या पुढे जात नाही. केंद्र असणे किंवा नसणे यावर क्रमनिरपेक्षतेच्या साखळ्यांची लांबी इतकी अवलंबून असते, हे जुन्या भाषेत कुणी विचारलेले नव्हते. जनन आलेखाची कथाही अशीच. दोन घटक मिळून सारा गट निर्माण करत असतील तर त्यांच्यात रेघ. ग्युरालनिक आणि कँटर यांनी २००० मध्ये दाखवले, की सांत सरल गटात अविकारक सोडून एकही बिंदू एकाकी राहत नाही. बर्नेस, ग्युरालनिक आणि हार्पर यांनी २०२१ मध्ये हाच गुण असलेले सारे सांत गट ओळखले: मूळ गट वगळता ज्यांचा प्रत्येक भागगट चक्रीय असतो, तेवढेच. आलेखात एकाकी बिंदू नसणे ही साधी अट आणि गटाच्या भागगटांबद्दलची अट एकच निघाली.

तरी एक आक्षेप उरतो आणि तो मान्यच करायला हवा. गटांचे एक ठरलेले कुटुंब घ्यायचे, त्यावर एखादा आलेख काढायचा, मग रंगसंख्या, व्यास, सारणीची आयगेनमूल्ये एकेक करून मोजायची. उत्तरे बरोबर असतात, पण ती वाचून गटाबद्दल किंवा आलेखाबद्दल नवे काही कळत नाही. असे काम या विषयात होते आणि पुढेही होईल. त्यावर उपाय म्हणजे आलेख एकेकटे न पाहता एकमेकांशेजारी ठेवणे, आणि कॅमेरॉन यांनी २०२२ मध्ये ‘गटांवर व्याख्या केलेले आलेख’ या विस्तृत लेखात तेच केले. घातांचा आलेख सर्वांत आत. त्याला वेढणारा विस्तारित घातालेख, ज्यात दोन घटक एकाच तिसऱ्याचे घात असले तरी जोडले जातात. त्याबाहेर क्रमनिरपेक्षतेचा आलेख. आणि गट स्वतः क्रमनिरपेक्ष नसेल तर त्याच्याही बाहेर असा आलेख, ज्यात जे दोन मिळून सारा गट निर्माण करत नाहीत ते जोडले जातात. प्रत्येक थरात आधीच्या रेघा असतात आणि काही नव्या येऊ शकतात. मग प्रश्न उरतो: दोन शेजारचे थर एकरूप कधी होतात? पहिले दोन एकरूप होतात तेव्हा, आणि तेव्हाच, जेव्हा गटातल्या प्रत्येक घटकाची कोटी मूळ संख्येचा घात (किंवा १) असते. पाच वस्तूंच्या सम अदलाबदलींचा ६० घटकांचा गट तसा आहे, कारण त्यात कोटी फक्त १, २, ३ आणि ५. दुसरा आणि तिसरा थर एकरूप होतात ते गटात एकाच मूळ संख्येइतकी कोटी असलेल्या दोन चक्रीय गटांचा गुणाकार उपगट म्हणून नसेल तेव्हा. गटवेत्त्यांना हे दोन्ही वर्ग स्वतंत्रपणे महत्त्वाचे वाटत आले होते. थरांतल्या फरकाने ते एकाच रांगेत आणून बसवले. मोजणी कधी वांझ ठरते आणि कधी फळते हे यातून कळते: एका आलेखाचा एक आकडा फारसे सांगत नाही, दोन आलेखांमधला फरक किंवा दोन गटांवरचे एकाच आलेखाचे वर्तन मात्र सांगते.

विषयात शिरणाऱ्या वाचकाकडे गटाच्या व्याख्येइतकी तयारी आणि सहसंच, केंद्र व संयुग्मी घटक यांची ओळख असली तर सुरुवातीला पुरे. आलेखांकडून अंतर, व्यास, रंग आणि एकसंधता या कल्पना लागतात, आणि त्या वाटेत शिकता येतात. उघडे प्रश्नही कमी नाहीत. किमान तीन बिंदूंच्या प्रत्येक एकसंध सांत केली आलेखात सर्व बिंदूंना एकेकदाच भेट देऊन परत येणारी वाट असते का, हे अजून कुणी सिद्ध केलेले नाही आणि कुणी खोडलेलेही नाही. असा प्रश्न हाती घेताना आलेखाची व्याख्या वाचून थांबू नये. तिने गटातले काय टाकले, ते टाकल्यावर कोणते दोन वेगळे गट एकसारखे दिसू लागले, आणि तरीही कोणता गुण वाचला, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्या आलेखाला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही तो सोडून द्यायला हरकत नाही. ज्याला देता येते, त्याच्याकडून ब्राउअर, नॉयमन आणि ग्रोमोव्ह यांच्या हाती लागले तसे काहीतरी मिळण्याची शक्यता असते, आणि तेवढ्या शक्यतेसाठी हा अभ्यास करण्याजोगा आहे.